तालुक्याच्या गावचे अनुदानित महाविद्यालय: तीन वर्षे शिकल्यानंतरचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात मी २०२१ च्या ऑगस्टमध्ये बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे तीन विषय घेऊन २०२४ च्या उन्हाळी परीक्षेत पदवी मिळवली. महाविद्यालय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. मी बाहेर पडले त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ तेथे दाखल झाला, त्यामुळे त्या इमारतीशी आमच्या घराचा संबंध अजून सुटलेला नाही. पोरीला तालुक्याला घालावे की थेट अमरावती-नागपूरला पाठवावे, हा प्रश्न आमच्या आणि शेजारच्या गावांतील अनेक पालकांनी मला विचारला आहे. प्रत्येकाला बस स्टँडवर घाईघाईने दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव देत नाही, कारण मला त्रुटीही लिहायच्या आहेत आणि आसपासच्या तालुक्यांत शिकलेल्या माझ्या मैत्रिणींच्या बोलण्यात जवळजवळ त्याच त्रुटी येतात.

प्रथम शुल्काविषयी लिहिते, कारण बहुतेक घरांत निर्णय तेथेच होतो. प्रवेश, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि परीक्षा मिळून मला वर्षाकाठी साधारण सहा ते सात हजार रुपये भरावे लागले. माझी चुलत बहीण त्याच काळात अमरावतीला शिकत होती आणि तिचे खोलीभाडे व मेस यांवर एका महिन्यात जवळपास तेवढाच खर्च होत असे. शुल्क इतके कमी असण्याचे कारण असे, की अनुदानित महाविद्यालयातील मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन राज्य शासन देते आणि तो भार विद्यार्थ्यांवर पडत नाही. मात्र येथे पालकांची एक मोठी गफलत होते. महाविद्यालय अनुदानित आहे म्हणजे तेथील प्रत्येक अभ्यासक्रम अनुदानित आहे असे नसते. आमच्याच इमारतीत बी.एस्सी.ची मूळ तुकडी अनुदानित होती, तर संगणकाचा अभ्यासक्रम आणि एम.एस्सी. विनाअनुदानित होते, फाटक एक, प्राचार्य एक, पण शुल्क कितीतरी पट अधिक. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांना हा फरक पावती हातात पडल्यावर कळला आणि त्या वर्षी त्यांना घरात ठेवलेली तूर भाव नसताना विकावी लागली. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर पहिला प्रश्न हाच विचारावा, की आपल्या मुलीला मिळणारी जागा अनुदानित तुकडीतली आहे का, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी वेगवेगळ्या योजना आहेत, आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, जिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. अर्ज नाकारला जाण्याची कारणे जवळजवळ नेहमी क्षुल्लक असतात: उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा असतो, आधार क्रमांक ज्या बँक खात्याशी जोडलेला आहे ते खाते बंद पडलेले असते, किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असतो. आमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्तीचे काम पाहणारे लिपिक दरवर्षी सर्व अर्ज छापून समोर ठेवत, त्रुटी असलेल्यांची यादी फलकावर लावत आणि ज्यांच्या घरी फोन लागत नसे त्यांना गावातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडून निरोप पाठवत. माझ्या अर्जात दुसऱ्या वर्षी अशीच त्रुटी निघाली, तेव्हा त्यांनी मला वर्गातून बोलावून घेतले आणि सेतू केंद्र बंद होण्याआधी पोहोचण्यासाठी दुपारच्या तासिकेतून सुट्टी मिळवून दिली. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या बहिणीचा अर्ज त्रुटीसाठी परत आला होता, हे तिला मुदत उलटून गेल्यावर समजले. ग्रामीण महाविद्यालयाचे मोल मोजताना ही खिडकी मी फार वरच्या क्रमांकावर ठेवते.

येथेच एक खुलासा करणे आवश्यक आहे. २०२४-२५ पासून मुलींचे उच्च शिक्षण पूर्ण मोफत झाले, असा समज गावोगाव पसरला आहे. ती शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे आणि तिलाही प्रवर्गाच्या व उत्पन्नाच्या अटी आहेत. साध्या बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.साठी शुल्क भरावे लागते, एवढे धरूनच घराचा हिशेब मांडावा.

आमचे गाव तालुक्यापासून १७ किलोमीटरवर आहे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. पदवीला गेल्यावर तो थांबतो आणि विद्यार्थ्यांसाठीचा ६६.६७ टक्के सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले असले, तरी रोज जाणाऱ्या मुलीला पासच स्वस्त पडतो. सकाळी मुक्कामी गाडी सव्वासहाला निघते आणि पहिली तासिका साडेसातला असते, त्यामुळे ती गाडी चुकली की प्रात्यक्षिकही चुकते. आमच्या पहिल्या वर्षाचा बहुतेक भाग तर गाडीविनाच गेला. २० ऑक्टोबर २०२१ रोजी कोरोनानंतर महाविद्यालये उघडली आणि त्याच महिन्याच्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, जो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात आम्ही सहा मुली मिळून एका ऑटोवाल्या काकांना महिन्याचे पैसे ठरवून देत होतो. त्यांतील दोघींच्या घरी तो खर्च झेपला नाही आणि त्यांचे शिक्षण तेथेच थांबले. शुल्क कितीही कमी असले, तरी महाविद्यालयाचा खरा खर्च घरापासून फाटकापर्यंतच्या रस्त्यावर होतो, हे मी त्या वर्षी शिकले. पालकांनी प्रवेशाआधी पावसाळ्यात नाल्याला पूर आल्यावर गाडी कोठून वळते आणि शेवटची परतीची गाडी किती वाजता आहे, हे नक्की विचारावे.

आता शिकवण्याविषयी. आमची तुकडी अपवादात्मक होती. २०२१ मध्ये बारावीची लेखी परीक्षाच झाली नव्हती, निकाल अंतर्गत गुणांवर लागला होता, आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन वर्षांत आमच्यापैकी अनेकांनी प्रयोगशाळेचे दार उघडे पाहिले नव्हते. रसायनशास्त्राच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला विचारले की ब्यूरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडण्याची काचेची नळी, कोणी कोणी हाताळली आहे, आणि पंचेचाळीसपैकी चार हात वर झाले. त्यानंतर त्यांनी पुढचे तीन आठवडे अभ्यासक्रम बाजूला ठेवला. ब्यूरेट धुणे, ती आतून द्रावणाने विसळणे, डोळा पातळीवर आणून द्रवाच्या खालच्या वक्राशी आकडा वाचणे, फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग येताच हात थांबवणे, एवढेच आम्ही करत राहिलो, आणि ज्याची तिन्ही वाचने जुळत नसत त्याला सर शांतपणे पुन्हा सुरुवात करायला लावत. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या तुकडीत हे शक्य झाले असते असे मला वाटत नाही. पुढे एम.एस्सी.ला अमरावतीला गेल्यावर नावाजलेल्या महाविद्यालयांतून आलेल्या मुलींबरोबर मी प्रयोगशाळेत उभी राहिले, तेव्हा माझा हात त्यांच्यापेक्षा स्थिर होता आणि त्याचे श्रेय त्या तीन आठवड्यांना आहे.

याच सरांचा एक तास मी विसरू शकत नाही. तिसऱ्या वर्षी कीटकनाशकांवरचा भाग शिकवताना त्यांनी फळ्यावर सेंद्रिय फॉस्फरस संयुगाची रचना काढली आणि मग २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना झालेली विषबाधा व त्यात गेलेले जीव यांची आठवण काढली. ही संयुगे शरीरातील ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) कशी बांधतात, त्यामुळे मज्जातंतूंचा संदेश थांबायला हवा तेव्हा का थांबत नाही, घाम, लाळ, डोळ्यांच्या आकुंचन पावलेल्या बाहुल्या आणि श्वासाचा त्रास ही लक्षणे का दिसतात, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगितले की वर्गात कोणी हलले नाही. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरी पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे कोणीतरी होते. नंतर त्यांनी कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यांवरील त्रिकोण दाखवले: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. त्या संध्याकाळी मी घरी आल्यावर बाबांना गोठ्याजवळच्या फळीवरचे डबे खाली काढायला लावले आणि आम्ही दोघांनी एकेका डब्यावरचा रंग पाहिला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले आहेत. आता ते दुकानात डबा हातात घेऊन आधी त्रिकोण पाहतात.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमही साधने नाहीत म्हणून थांबत नसत. माल्व्हेसी हे कपाशीचे कुल शिकवायचे होते तेव्हा त्यांनी मुलांना आपापल्या वावरातून पऱ्हाटीचे, भेंडीचे आणि अंबाडीचे फूल आणायला सांगितले आणि तिन्हींतील एकत्र जुळलेल्या पुंकेसरांची नळी आम्हीच ब्लेडने चिरून पाहिली. ज्या झाडाच्या वेचणीने लहानपणापासून बोटे सोलली, त्याचे फूल मी पहिल्यांदा नीट पाहिले ते त्या दिवशी. वार्षिक शैक्षणिक सहल चिखलदऱ्याला गेली. मेळघाटच्या उतारावर हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, नमुने गोळा करताना, तेथील कॉफीची झाडे पाहताना, आपल्या विदर्भातही अशी जमीन आणि असे हवामान आहे याचे आम्हा सर्वांनाच नवल वाटले. सहलीचा खर्च ज्यांना झेपत नव्हता त्यांच्यासाठी मॅडमनी टिपेश्वर अभयारण्याच्या परिसरात एका दिवसाची दुसरी सहल काढली आणि दोन्हींना समान गुण ठेवले. हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

भाषेची अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आम्ही बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेलो, विद्यापीठाच्या पुस्तकांची भाषा इंग्रजी, आणि शिकवणे दोन्हींच्या मिश्रणात. संकल्पना मराठीत समजते, उत्तर इंग्रजीत लिहावे लागते आणि मध्ये गुण सांडतात. यावर महाविद्यालयाने स्वतंत्र वर्ग घ्यायला हवे होते, ते घेतले नाहीत. ज्यांनी रोज एक पान इंग्रजीत लिहून सरांना दाखवले ते सावरले. बाकीच्यांचे पहिल्या सत्रात विषय राहिले.

आता सर्वांत गंभीर त्रुटी. प्राणिशास्त्राचे पद रिक्त होते. आधीचे प्राध्यापक निवृत्त झाल्यानंतर ते भरले गेले नव्हते आणि तीन वर्षांत आम्हाला घड्याळी तासिका तत्त्वावरचे चार शिक्षक लाभले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, उलट मनापासून कृतज्ञता आहे. सेट-नेट झालेली, पीएच.डी. केलेली ही माणसे तासांप्रमाणे मानधन घेतात, ते मानधनही महिनोन्महिने अडकते, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही, आणि पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे त्यांना ठाऊक नसते. त्यांतील एक सर दोन महाविद्यालयांत शिकवत, दुचाकीने रोज ऐंशी किलोमीटर फिरत आणि तरीही गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र शिकवताना कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) अडकलेले पतंग डबीत घालून आणत. परंतु त्यांच्या नेमणुका सत्र सुरू होऊन बराच काळ लोटल्यावर होतात. आमच्या तिसऱ्या वर्षी जुलैत वर्ग सुरू झाले आणि प्राणिशास्त्राचा पहिला तास सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. हिवाळी परीक्षा तोंडावर होती, अभ्यासक्रम धावत संपवला गेला, आणि प्राण्यांचे विच्छेदन आता बंद असल्याने ज्या तक्त्यांवर व प्रतिकृतींवर शिकायचे, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हेही कित्येक दिवस ठरत नव्हते. त्या सत्रात आमच्या वर्गातील अर्ध्याहून अधिक मुले याच विषयात नापास झाली. ज्या मुलांना एक वर्ष वाया घालवणे परवडत नाही, त्यांच्यावरच या रिक्त पदाचा भार येतो, आणि याचा मला आजही संताप येतो.

म्हणून पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की महाविद्यालयाच्या नावावर किंवा फाटकावर लावलेल्या नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) श्रेणीवर निर्णय घेऊ नका. ज्या तीन विषयांसाठी मुलीला घालायचे आहे त्या तिन्ही विभागांत स्वतः जा, तेथे पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का ते विचारा, आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना विचारा की गेल्या वर्षी प्रात्यक्षिके किती झाली. त्यांच्या प्रात्यक्षिक वहीवरच्या सह्यांच्या तारखा पाहिल्या तरी पुष्कळ कळते: वर्षभर पसरलेल्या तारखा असतील तर विभाग चालतो आहे; सर्व सह्या परीक्षेच्या आठवड्यातल्या असतील तर नाही.

आमच्याकडे महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक एकमेकांवर आदळतात. मृगाच्या पेरणीत प्रवेश, निंदण-डवरणीत पहिल्या तासिका, सोयाबीनच्या सोंगणीत अंतर्गत चाचणी आणि कापसाच्या वेचणीत विद्यापीठाची हिवाळी परीक्षा. सोंगणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत आणि वर्ग निम्मा रिकामा होतो. आमच्या प्राध्यापकांनी ७५ टक्के उपस्थितीचा नियम कागदावर दाखवून कोणाला घरी बसवले नाही. त्या पंधरवड्यात ते नवा धडा न घेता उजळणी घेत आणि चाचणी दिवाळीनंतर ढकलत. शहरातून बदलून आलेल्या एखाद्या व्यक्तीला हे ढिसाळ वाटेल. मला ते आपल्या विद्यार्थ्यांची ओळख असल्याचे लक्षण वाटते.

ग्रंथालय चांगले आहे. बुक बँकेतून पूर्ण सत्रासाठी पुस्तके मिळतात आणि एन-लिस्ट या ऑनलाइन सेवेवरून नियतकालिके वाचता येतात, जरी ती सोय आहे हे मला दुसऱ्या वर्षी कळले. अभ्यासिका पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी पहाटेपासून भरलेली असते. उपाहारगृह नाही, फाटकाबाहेरचे तर्री पोहे आणि आलुबोंडा यांवर दिवस निघतो. मुलींच्या स्वच्छतागृहात मार्चनंतर पाणी नसते आणि ४४-४५ अंशांच्या उन्हात उन्हाळी परीक्षा देणाऱ्या मुलींनी दिवसभर पाणी पिणे टाळावे, ही स्थिती कोणत्याही सबबीने मान्य करता येणार नाही. आम्ही याविषयी दोनदा अर्ज दिला होता.

भावाच्या तुकडीपासून, म्हणजे २०२४-२५ पासून, नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला आहे. आम्हाला तिन्ही विषय तीन वर्षे समान होते आणि त्यामुळे एम.एस्सी.साठी तिन्हींपैकी कोणताही निवडता येत असे. आता मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम आणि श्रेयांक (क्रेडिट) अशी मांडणी आहे. यातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. एक वर्ष पूर्ण करून, ठरलेले श्रेयांक मिळवून, थांबावे लागले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक श्रेयांक पेढीत जमा राहतात म्हणून पुढे परतण्याची वाट मोकळी. संपाच्या वर्षी ज्या दोघींचे शिक्षण थांबले त्यांच्या हाती काहीही आले नव्हते. मात्र कार्यांतर्गत प्रशिक्षणाचे श्रेयांक तालुक्यात कोठे मिळवायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. शहरात कंपन्या आहेत; आमच्याकडे जिनिंग-प्रेसिंग, दालमिल, कृषी सेवा केंद्रे आणि एखादी माती परीक्षण प्रयोगशाळा आहे. महाविद्यालयाने या ठिकाणांशी आताच रीतसर करार केले, तर विज्ञानाच्या मुलांना त्यांच्या परिसरातलेच उपयुक्त काम मिळेल.

ज्या मुलीला अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा संगणकाच्या क्षेत्रात जायचे हे पक्के आहे, तिने येथे तीन वर्षे घालवू नयेत. शुल्क कमी आहे एवढ्यासाठी आवडीविरुद्धचा विषय घेणे महागच पडते. ज्या मुलीला मूलभूत विज्ञान, शिक्षकी पेशा, स्पर्धा परीक्षा किंवा पुढे विद्यापीठात जाऊन संशोधन करायचे आहे, आणि जिच्या घरी बाहेर ठेवण्याची ऐपत किंवा तयारी आज नाही, तिच्यासाठी हे महाविद्यालय मी निःशंक सुचवते, विभाग आधी पाहून घेण्याच्या अटीवर. रसायन व वनस्पतिशास्त्रासाठी मी त्याला पाचपैकी साडेचार देईन. प्राणिशास्त्रासाठी दीड देते, आणि तोही त्या तासिका तत्त्वावरच्या चार शिक्षकांमुळे.

भावाच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी मी त्याच्याबरोबर गेले होते. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर तेच लिपिक होते आणि त्यांनी नाव विचारण्याआधी उत्पन्नाचा दाखला या वर्षाचा आहे का ते पाहिले. रसायनशास्त्राचे सर आणखी दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत. विभागाच्या दारावरील वेळापत्रकात प्राणिशास्त्राच्या तासांपुढची जागा त्या दिवशीही कोरी होती.